डोंगरात रुतलेली भिंत

२६ ऑक्टोबर २०१५ च्या हिंदुकुश भूकंपानंतर पाकिस्तानातल्या चित्रालमधल्या रुंबूर खोऱ्यात घरं तपासायचं काम होतं. कलाश लोकांची ही घरं उतारावर असतात. खालच्याचं छप्पर ते वरच्याचं अंगण. दगडी थरांच्या मध्ये देवदाराच्या आडव्या वाशांची जोडी, एक आतल्या तोंडाला, एक बाहेरच्या, आणि त्यांना सांधणारे आडवे तुकडे. सिमेंट नाही. हादरा बसला की दगड जागीच घासतात, वासे त्यांना सांडू देत नाहीत. १९९३ ला किल्लारीत भिंतीची दोन तोंडं सांधणारंच काही नव्हतं, म्हणून भिंती मधोमध फाटल्या आणि वरची जड माती खाली आली.

तपासलेल्या एका घराच्या तीन भिंती उत्तम होत्या. शंका मागच्या भिंतीची. पण चुलीपासून त्या भिंतीपर्यंतची जागा कलाश पवित्र मानतात आणि बायका तिथे जात नाहीत. मोजमापं घेणारी आमची इंजिनिअर चुलीअलीकडेच थांबली, टेप आणि हातोडी घरमालकाने घेतली. ते बरंच झालं. गिलावा कुठे नवा आहे हे त्याला ठाऊक होतं.

तो सिमेंटचा होता. फोडल्यावर वासा ठोकला तर बद्द आवाज. चांगल्या लाकडात पेचकस दोन-तीन मिलिमीटर शिरतो, इथे मुठीपर्यंत गेला. भिंतीमागची पाणी वाहून नेणारी चर बुजल्यामुळे बर्फाचं पाणी भिंतीत मुरायचं, आणि सिमेंटने ती ओल आतच कोंडली होती.

त्यात छप्पर. गळती थांबवायला माती थापत थापत थर ४० सेंटिमीटरचा झालेला. ५ बाय ६ मीटरच्या खोलीवर १२ घनमीटर. ओली माती घनमीटरला १८०० किलो धरली तरी २१ टनांच्या वर!

म्हणून आधी तुळयांखाली टेकू, तेही फळीवर, नाहीतर ते जमिनीत रुततात. मग माती दोन्ही बाजूंनी सारखी काढायची. एकच बाजू हलकी केली तर तुळई कलते. पंधराएक सेंटिमीटर ठेवायची. त्यानंतर मागची चर मोकळी करायची आणि शेवटी वासे, एका वेळी एकच. नव्या वाशाचा जोड कोपऱ्यात मात्र घ्यायचा नाही, तिथे अखंडच लाकूड हवं. गिलावा मातीचाच.