बोटाला विचारू नका, घड्याळ लावा

ब्रेल वाचकाला "हा शब्द मघाशी होता का?" असं विचारलं की तो आठवून सांगतो. ती जाणिवेतली आठवण. बोटाची आठवण निराळी. वाचक "नाही, नवाच आहे" म्हणतो आणि तरी बोट त्यावरून लवकर सरकतं. ती वेळ मोजूनच कळते.

दादर-वरळीकडच्या अंधशाळांतल्या शिक्षकांनाही ही चाचणी घेता येईल. १२ शब्दांच्या तीन याद्या करा, एका कार्डावर एकच शब्द. पहिली बोटांनी वाचायची, दुसरी नुसती ऐकायची, तिसरी शेवटासाठी राखून ठेवायची. पहिल्या दोन्हींना प्रश्न एकच: "ही वस्तू घरात असते की बाहेर?" "लक्षात ठेवा" म्हटलंत की चाचणी वाया गेली. १५ मिनिटं चहा-गप्पा होऊ द्या, मग तिन्ही याद्या मिसळून बोट टेकल्यापासून उच्चारापर्यंतचा वेळ घ्या. तिसरी यादी न भेटलेल्या शब्दांची, तुलनेसाठी. वाचलेले शब्द ऐकलेल्यांपेक्षा लवकर आले तर फायदा स्पर्शाचा. दोन्ही तिसरीपेक्षा सारखेच लवकर आले तर शब्द डोक्यात जागा होता, बोटाला श्रेय नको. "मघाशी होता का" हे सगळ्यात शेवटी विचारा. आणि अवघड शब्द एकाच गटात साचू नयेत म्हणून दर वाचकाला याद्यांची अदलाबदल करा.

घोळ बहुतेक कार्डांत होतो. ठिपक्याची उंची जेमतेम अर्धा मिलिमीटर. जुलैत कागद ओल धरतो, ठिपके बसतात. दुसऱ्या फेरीला तेच कार्ड दिलं तर झिजलेले ठिपकेच निकाल बिघडवतात. नवी प्रत काढाच.

लांबी अक्षरांनी नव्हे, सेलांनी मोजा. सेल म्हणजे सहा ठिपक्यांची एक चौकट: डावीकडे वरून खाली १-२-३, उजवीकडे ४-५-६. 'कमळ' आणि 'चप्पल' छापात तीन-तीन अक्षरं, पण 'कमळ' ३ सेल आणि 'चप्पल' ५; जोडाक्षरासाठी ४ क्रमांकाचा ठिपका अर्ध्या प-च्या आधी वेगळा येतो. 'हार' आणि 'जार' एका यादीत नकोत: ह (१-२-५) आणि ज (२-४-५) एकमेकांची आरशातली प्रतिमा आहेत. वाचकाकडून ब्रेल पाटीवर (कागद अडकवून टोच्याने ठिपके उठवायची पट्टी) शब्द लिहूनही घेऊ नका. तिथे उजवीकडून डावीकडे, उलटं टोचावं लागतं, म्हणजे हाताच्या हालचालीची आठवण मिसळते.

ठिपके नीट जाणवणं म्हणजे वाचता येणं नव्हे. २००० साली नोंदलेल्या एका जन्मांध बाईला मेंदूच्या मागच्या, एरवी दृष्टीच्या, भागात दोन्ही बाजूंना पक्षाघाताचा झटका (स्ट्रोक) आला. ठिपके तिला जाणवत होते, ब्रेल मात्र वाचता येईना. म्हणून आधी कोऱ्या कार्डावर दोनच ठिपके देऊन बोटाची जाण वेगळी तपासा, विशेषतः मधुमेह असलेल्या प्रौढांची.