चिरा किती वाजता?

माझ्या पर्समध्ये एक वेळ रुमाल नसेल, पण काळा मार्कर असतोच. मी भूलतज्ज्ञ. सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात चार-पाच नर्सिंग होम्स आहेत, तिथं बावीस वर्षं फिरतेय. एकीकडचं सिझर उरकायचं आणि दुसरीकडच्या हर्नियाला पळायचं. पेशंट टेबलवर आला की सलाईनच्या बाटलीवर मायक्रोपोरची पट्टी चिकटवते आणि तिच्यावर लिहिते : 'सेफाझोलिन २ ग्रॅम, १०.४०'. म्हणजे जखमेत पू होऊ नये म्हणून ऑपरेशनआधी देतात ते अँटिबायोटिक, आणि ते दिल्याची वेळ. मग सर्जनना विचारते, "चिरा किती वाजता?" आमचे सर्जन या प्रश्नाला वैतागतात. वैतागू देत.

ही सवय मला एका पेशंटनं लावली. भारनियमनाच्या दिवसांतली गोष्ट. पंचेचाळिशीचा शेतकरी, हर्निया, जाळी बसवायची होती. वॉर्डातल्या सिस्टरनं रात्रपाळी संपवून जाता जाता सकाळी सातला अँटिबायोटिक देऊन टाकलं आणि केसपेपरवर टिक केली. मग लाइट गेली. जनरेटरला डिझेल नाही. ते आलं तोवर सर्जन ओपीडीत अडकले. चिरा पडला साडेअकराला. इंजेक्शन किती वाजता दिलंय हे कोणी पाहिलंच नाही. मीही नाही. टिक होती ना!

आठव्या दिवशी तो ड्रेसिंगला आला. टाक्यांच्या खालच्या टोकाशी लालसर फुगीर भाग, हात लावला तर गरम, दाबलं की गढूळ पाणी. पुढं जाळीच काढावी लागली. दोन महिने तो माणूस एक दिवसाआड एसटीनं येत होता, ऐन पेरणीत. इंजेक्शनच्या वेळेमुळेच पू झाला असं छातीठोकपणे नाही म्हणता येणार. साखर, बिडी, थिएटरची स्वच्छता, आदल्या रात्री न्हाव्याकडून करून घेतलेली दाढी (हो, तेव्हा पोटाचे केस वस्तऱ्यानंच काढायचे, बारीक ओरखडे पडतात आणि जंतूंचं फावतं), यांतलं काहीही असेल. पण त्यातली एक गोष्ट माझ्या हातातली होती, आणि ती मी पाहिली नव्हती.

हिशेब साधा आहे. सेफाझोलिनचं रक्तातलं प्रमाण पावणेदोन-दोन तासांत निम्म्यावर येतं. सातला दिलेल्यातलं साडेअकराला पाचवा हिस्सा उरलं असेल-नसेल. कातडी उघडते तेव्हा त्या जागी औषध भरपूर हवं, कारण जंतू आत जातात ते तेव्हाच. हे आजचं ज्ञान नाही. बॉस्टनचे सर्जन जॉन बर्क यांनी १९६१ मध्ये गिनीपिगच्या कातडीत जंतू टोचून दाखवलं होतं की औषध आधी दिलं तर गाठ जवळजवळ उठतच नाही, आणि तीन तासांनंतर दिलं तर दिलं-न दिलं सारखंच. पुढं १९९२ मध्ये अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीतल्या २,८४७ पेशंटांची आकडेवारी आली. चिऱ्याआधीच्या दोन तासांत इंजेक्शन मिळालेल्यांपैकी ०.६ टक्के लोकांची जखम चिघळली, आणि त्याहून आधी मिळालेल्यांपैकी ३.८ टक्के. औषध दोघांनाही मिळालं होतं, टिक दोघांच्याही कागदावर असणार. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८ च्या सर्जरी चेकलिस्टमध्ये म्हणूनच 'दिलं का?' एवढंच विचारलेलं नाही, 'गेल्या ६० मिनिटांत दिलं का?' असं विचारलंय.

बारकावे पुष्कळ. गुडघ्याच्या ऑपरेशनला खालचा रक्तपुरवठा थांबवायला मांडीला टुर्निकेचा पट्टा आवळतात. त्याआधी औषध गेलं नाही तर ते गुडघ्यापर्यंत पोचणार कसं? ऑपरेशन चार तासांवर गेलं तर सेफाझोलिनचा पुन्हा एक डोस. सिझरला आम्ही कित्येक वर्षं बाळाची नाळ कापेपर्यंत थांबायचो, बाळाच्या अंगात औषध जाऊ नये म्हणून. आता चिऱ्याआधीच देतात. माझा हात मात्र पहिले काही महिने आपोआप नाळेची वाट बघायचा.

खरी भांडणं होतात ती नंतर. "मॅडम, एवढं मोठं ऑपरेशन आणि एकच इंजेक्शन?" नातेवाइकांना वाटतं आपण पैसे वाचवतोय. मग सर्जन पाच दिवसांच्या गोळ्या लिहून मोकळे होतात, 'असू दे, सेफ राहू.' साध्या स्वच्छ ऑपरेशनला टाके घालून झाल्यावर अँटिबायोटिक चालू ठेवून जखमेचं भलं होत नाही, पोट तेवढं बिघडतं आणि जंतू सोकावतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१६ मध्ये हेच स्पष्ट लिहिलं. अपेंडिक्स फुटलेलं असेल, पोटात आधीच पू असेल तर गोष्ट वेगळी. तिथं आपण रोग टाळत नाही, रोगावर उपचार करतो. तो कोर्स पूर्ण करायचाच.

गंमत अशी की ज्यांचा एका इंजेक्शनवर विश्वास बसत नाही, तेच पेशंटला आठ दिवस भाताचं शीतही देत नाहीत. भातानं जखमेत पू होतो म्हणे. एका आजींना मी म्हटलं, "आजी, द्या हो भात, वर वरणही घाला." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की ही कसली डॉक्टर!

परवा एका नर्सिंग होममधल्या नव्या सिस्टरनं मला थिएटरच्या दारातच गाठलं. "मॅडम, दोन व्हायल काढून ठेवल्यात, पाणी घातलं नाही अजून. सर कुठपर्यंत आलेत?"

सर रेल्वे फाटकावर अडकले होते. व्हायल ट्रेमध्येच राहिल्या.