आमची वाटचाल : कोळंबीच्या सालातली साखर

रत्नागिरीत आमच्या कारखान्याचा पत्ता कुणाला विचारावा लागत नसे, वासावर माणूस बरोबर पोचायचा. कोळंबी सोलून निर्यात करणाऱ्या शेडमधून डोकी आणि सालं आम्हाला फुकट मिळायची. कोळंबीचं जवळजवळ निम्मं वजन या कचऱ्यातच जातं. मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून आठ वर्षं दुसऱ्याच्या कारखान्यात काढली होती. लोकांना उकिरडा दिसायचा तिथे मला साखर दिसत होती.

साखर म्हणजे चहातली नव्हे. ग्लुकोजच्या दुसऱ्या कार्बनवर हायड्रॉक्सिलच्या जागी अमिनो गट आला की त्याचं ग्लुकोसामाइन होतं. त्या अमिनोवर व्हिनेगरमधल्या आम्लाचा तुकडा म्हणजे अ‍ॅसिटिल चढवून अशा रेणूंची लांबलचक माळ ओवली की कायटिन. कोळंबीचं साल, खेकड्याची पाठ, झुरळाचं कवच, अळंबीच्या पेशींची भिंत, सगळीकडे तेच. आम्ही ती माळ तोडतो, एवढाच धंदा. कृती आमची नाही. गेओर्ग लेडरहोझे यांनी 1876 साली लॉबस्टरचं कवच तीव्र हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडमध्ये शिजवून ही साखर पहिल्यांदा वेगळी केली होती.

कृती कागदावर तीन ओळींची आहे. पातळ अ‍ॅसिडने सालातला चुना काढा, कॉस्टिक सोड्याने प्रथिनं काढा, उरलेलं कायटिन तीव्र अ‍ॅसिडमध्ये तापवा. पहिल्याच बॅचला मी सालं एकदम ओतली. चुन्यातून कार्बन डायऑक्साइड असा उसळला की फेस टाकीच्या काठावरून थेट माझ्या बुटात. शेवटच्या पायरीला रिॲक्टरमधलं पाणी काळ्या कॉफीसारखं होतं आणि व्हिनेगरचा वास सुटतो. तो वास आला की आम्ही समजतो, अ‍ॅसिटिल सुटायला लागलं. मग रंग शोषायला कार्बन मारायचा, गाळायचं, व्हॅक्यूमखाली आटवायचं, स्फटिक अल्कोहोलने धुवायचे. त्या काळ्या रश्शातून पांढरीशुभ्र पावडर निघते, हे अजूनही मी थांबून बघतो.

खरी झोप उडवली ती पोलॅरिमीटरने, म्हणजे द्रावण ध्रुवित प्रकाशाला किती वळवतं ते मोजणाऱ्या यंत्राने. ग्लुकोसामाइन हायड्रोक्लोराइडचं (आमच्या पावडरीचं हे पूर्ण नाव) विशिष्ट वलन, म्हणजे या वळणाचा ठरीव आकडा, +70 ते +73 अंशांत बसावं लागतं. आमच्या लॅबमधल्या पोराला मिळालं नव्वदीच्या पुढे. दुसरी बॅच, तेच. मी अ‍ॅसिड बदललं, कार्बन बदलला, पोराला दोन शब्द सुनावलेही. कुणी न सांगता उत्तर मिळालं ते जेवणामुळे. नमुना नळीत तसाच ठेवून आम्ही जेवायला गेलो, गप्पांत वेळ गेला, परत येऊन बघतो तर 72. स्फटिकात हा रेणू अल्फा नावाच्या रूपात असतो; बीटा हे त्याचंच दुसरं, प्रकाशाला कमी वळवणारं रूप. पाण्यात गेला की त्यातले काही हळूहळू बीटा होतात आणि आकडा उतरत जाऊन एका जागी स्थिरावतो. द्रावण करून तीन तास थांबा, असं पद्धतीत लिहिलेलंच होतं. ती ओळ मीच वाचली नव्हती. पोराची माफी मागितली.

हा माल बहुतेक गुडघ्यांच्या गोळ्यांत जातो. कूर्चेतल्या, म्हणजे सांध्यातल्या हाडांवरच्या गादीतल्या, हायलुरोनिक अ‍ॅसिडच्या साखळीत दर दुसरा मणी याच साखरेचा, अ‍ॅसिटिलसकट. म्हणून ‘खा ग्लुकोसामाइन, वाढवा कूर्चा’ असा हिशोब लोक मांडतात. पण शरीर ही साखर फ्रुक्टोज-6-फॉस्फेट आणि ग्लुटामिनपासून स्वतःच बनवतं. अमेरिकेत 1583 रुग्णांवर झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष 2006 साली आले. तीत वापरला होता तो हायड्रोक्लोराइडच, आणि एकूण रुग्णांत गुडघेदुखीवर तो नुसत्या दिखाऊ गोळीपेक्षा ठळकपणे सरस ठरला नाही. आमच्या पत्रकावर म्हणून शुद्धता लिहिलेली असते, गुडघ्याचं चित्र नसतं. एका खरेदीदाराने त्यावरून ऑर्डर फिरवली. फिरवू दे.

शेडमधल्या एक मावशी, दिवसभर उकिडव्या बसून कोळंबी सोलणाऱ्या, मला म्हणाल्या, “आमच्या सालाची पावडर करतोस, मग माझ्या गुडघ्यांना दे की थोडी.” मी जे खरं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, “मग एवढा वास कशाला करतोस?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी त्यांना बसायला उंच पाट करून दिला.

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, म्हणजे आमची सालंही बंद. ते दोन महिने वाळवून ठेवलेल्या कायटिनवर निघतात. शाकाहारी गिऱ्हाईक हातचं जातं ते वेगळंच, कारण मक्याच्या साखरेवर बुरशी वाढवून केलेलं ग्लुकोसामाइन बाजारात आहे आणि आमच्या सीओएवर (मालासोबतच्या तपासणी-दाखल्यावर) कवचधारी जलचरांची अ‍ॅलर्जीसूचना ठळक टाकावी लागते.

गेली तीन वर्षं आम्ही एन-अ‍ॅसिटिल ग्लुकोसामाइनही करतो. मोठ्या कष्टाने काढलेलं अ‍ॅसिटिल पुन्हा जागेवर बसवायचं, यावर घरी बरीच चेष्टा झाली. त्यासाठी अ‍ॅसेटिक अनहायड्राइड लागतं, आणि ते हेरॉइन बनवायलाही वापरतात म्हणून त्यावर सरकारी नियंत्रण आहे. नोंदणी, रजिस्टर, घेतलेल्या-वापरलेल्या प्रत्येक किलोचा हिशोब. ते रजिस्टर आता तोच पोलॅरिमीटरवाला पोरगा लिहितो. माझं अक्षर त्याला वाचता येत नाही म्हणे.