उचल, करार आणि लोखंडी जाळी

दसरा झाला की बीड-धारूरकडच्या टोळ्या उचल घेऊन ऊसतोडीला निघतात. त्यामुळं उचल फेडता फेडता माणूस कसा अडकतो, हे मराठवाड्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. दीडशे वर्षांपूर्वी क्युबाच्या उसात चिनी मजूर नेले गेले, तेव्हाही सुरुवात उचलीनंच व्हायची.

१८४७ साली पहिली खेप क्युबातल्या हवाना बंदरात उतरली. आफ्रिकेतून गुलाम आणणं अवघड होत चाललं होतं आणि साखरेला हात हवे होते. १८७४ पर्यंत क्युबासाठी सुमारे १ लाख ४१ हजार जण जहाजावर चढले, उतरले सव्वा लाखाच्या आसपास. बाकीचे वाटेतच गेले.

दलालाला डोईमागं पैसे मिळत. कर्जात बुडालेले, जुगारात हरलेले, गावांच्या भांडणात पकडलेले असे लोक तो मकावच्या, म्हणजे चीनच्या किनाऱ्यावरच्या पोर्तुगीज बंदराच्या, कोठडीत आणून घाली. दक्षिण चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात या धंद्याला 'डुकराची पिलं विकणं' असंच म्हणत.

करार स्पॅनिश आणि चिनी अशा दोन्ही भाषांत असायचा. मुदत ८ वर्षं, महिना ४ पेसो (स्पॅनिश चलन), शिवाय खाणं, वर्षाला दोन जोड कपडे आणि एक घोंगडी. दिलेली उचल दरमहा एक पेसो करून कापायची. पळून गेलेले दिवस मुदतीत वाढवायचे. पण खरी मेख एकाच कलमात होती: हा करार दुसऱ्याच्या नावावर करता येत असे. हवानात मग माणूस नव्हे, कागद विकला म्हणायचं. १८६० च्या नियमांनी आणखी एक फास घातला, मुदत संपली की नवा करार करा, नाहीतर बेट सोडा. चार पेसोंतून परतीचं भाडं साठणार कसं?

वाट जावा-सुमात्रामधून हिंदी महासागरात, आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून अटलांटिकमध्ये. चार महिने तर सहज लागत. डेकखाली फळ्यांचे दोन मजले. ब्रिटिशांच्या १८५५ च्या कायद्यात माणसामागं १२ चौरस फूट जागा होती, म्हणजे सहा फूट बाय दोन फूट, एका सतरंजीएवढी. मकावहून दुसऱ्या झेंड्याखाली निघणाऱ्या जहाजांना तोही कायदा लागू नव्हता. पिंपातलं पाणी नासायचं, हगवण लागायची. वादळात झाकणं लावली की खाली श्वास कोंडायचा.

किनारा मागं पडून कुठं नेतायत हे कळलं की बंड व्हायचं. म्हणून डेकच्या तोंडावर लोखंडी जाळी ठोकत आणि वर बंदूकवाला उभा करत. हीच जाळी पुढं जीव घेत असे. १८७१ मध्ये मकावहून पेरूला निघालेल्या 'डॉन हुआन' जहाजाला आग लागली. खलाशी होड्यांत उतरले, जाळीखालचे पाचशेहून जास्त मजूर मेले. १८५९ मध्ये 'फ्लोरा टेंपल' खडकावर आदळलं, तेव्हा सुमारे ८५० जणांना तिथंच सोडून खलाशी निघून गेले. त्या मजुरांपैकी एकही वाचला नाही.

१८७२ साली असेच मजूर नेणारं 'मारिया लूझ' जहाज जपानच्या योकोहामाला थांबलं असताना एका मजुरानं पाण्यात उडी मारली आणि पोहत ब्रिटिश युद्धनौका गाठली. जपाननं चौकशी करून 'मारिया लूझ'वरच्या २३१ जणांना मोकळं केलं.

१८७४ मध्ये चीनच्या बादशाही सरकारचा अधिकारी छन लानबिन क्युबाला गेला आणि त्याच्या आयोगानं मजुरांचं म्हणणं त्यांच्याच तोंडून लिहून घेतलं. १,१७६ जबान्या नोंदवल्या आणि १,६६५ जणांच्या सह्यांचे ८५ अर्ज आले. दहातले आठ-नऊ जण मर्जीविरुद्ध आणलेले आहेत, असं अहवालात लिहिलं गेलं. त्याच वर्षी मार्चमध्ये मकावहून असे मजूर पाठवणं बंद झालं होतं, आणि १८७७ मध्ये चीन-स्पेनच्या तहानं करारावर मजूर नेण्याची ही पद्धत संपवली.