लष्करवरील बंदी आणि पैशांची नाकेबंदी

पहलगाममध्ये २२ एप्रिल २०२५ रोजी २६ जणांची हत्या झाली. त्यांत महाराष्ट्रातील सहा जण होते. हल्ल्याची जबाबदारी आधी घेऊन मग नाकारणाऱ्या ‘द रेझिस्टन्स फ्रंट’ला अमेरिकेने जुलैमध्ये दहशतवादी ठरवले, तेही स्वतंत्र संघटना म्हणून नव्हे, तर लष्कर-ए-तोयबाचा मुखवटा म्हणून. हे डावपेच जुनेच आहेत. पाकिस्तानने जानेवारी २००२ मध्ये लष्करवर बंदी घातली, तरी तिचा संस्थापक हाफिज सईद जमात-उद-दावाच्या नावाने उघडपणे सभा घेत राहिला आणि देणग्या गोळा करत राहिला. २६/११ नंतर, डिसेंबर २००८ मध्ये, संयुक्त राष्ट्रांनी तेही नाव आपल्या निर्बंध यादीत घातले.

या यादीकडून आपण फार अपेक्षा ठेवतो, असे मला वाटते. तिच्यामुळे मालमत्ता गोठते, परदेश प्रवास बंद होतो, शस्त्रपुरवठ्यावर मनाई येते. अटकेचे बंधन मात्र ती कोणत्याही देशावर घालत नाही. मालमत्ता गोठवण्यालाही सवलत आहे: मुंबई हल्ल्याच्या सूत्रधारांपैकी एक असलेल्या झकीउर रहमान लख्वीला घरखर्चासाठी दरमहा दीड लाख पाकिस्तानी रुपये वापरण्याची परवानगी ही यादी सांभाळणाऱ्या सुरक्षा परिषदेच्या समितीनेच डिसेंबर २०२० मध्ये दिली. नियमात बसणारी, पण मुंबईकराला पचणारी नाही.

खरा चिमटा बसला तो दहशतवादाच्या अर्थपुरवठ्यावर लक्ष ठेवणाऱ्या ‘एफएटीएफ’ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या करड्या यादीमुळे, म्हणजे वाढीव देखरेखीखालील देशांच्या यादीमुळे, कारण तिथे झळ संघटनेला नव्हे, तर कर्जावर चालणाऱ्या राज्यव्यवस्थेला लागते. जून २०१८ मध्ये पाकिस्तान त्या यादीत गेला आणि वर्षानुवर्षे रखडलेली कामे होऊ लागली: मार्च २०१९ मध्ये जमातवर रीतसर बंदी आली, फेब्रुवारी २०२० मध्ये सईदला दहशतवादाला अर्थपुरवठा केल्याबद्दल शिक्षा झाली, पुढच्या जानेवारीत लख्वीलाही झाली. आरोप पैशांचे होते. २६/११ च्या हत्याकांडाचे नव्हते. २६/११ चा आणखी एक सूत्रधार साजिद मीर मेल्याचे पूर्वी सांगितले जात होते. तोही २०२२ मध्ये जिवंत सापडला आणि तुरुंगात गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पाकिस्तान करड्या यादीतून बाहेर पडला.

मीरचे नाव संयुक्त राष्ट्रांच्या यादीत घालण्याचा अमेरिका आणि भारताचा प्रस्ताव मात्र जून २०२३ मध्ये चीनने अडवला. समितीचे निर्णय सर्व पंधरा सदस्यांच्या सहमतीने होतात. त्यामुळे एकाचा नकार पुरेसा ठरला.