तुम्ही विचारलंत म्हणून: जिवाणू ओढून बघून काय मिळतं?

"बॅक्टेरिया पेशीला चिकटतो हे तर माहितीये, मग किती जोरात चिकटतो ते मोजून काय मिळतं?" हे मला घरचेही विचारतात आणि लॅबमधली नवीन मुलंही, म्हणून एकदा नीट लिहिते.

मोजायचं यंत्र म्हणजे अ‍ॅटॉमिक फोर्स मायक्रोस्कोप, 1986 साली आलेलं. त्यात एक बारीकशी लवचिक पट्टी असते, तिच्या टोकाला एकच जिवाणू चिकटवायचा, हळूच पेशीवर टेकवायचा, जरा थांबायचं आणि मागे ओढायचं, ओढताना पट्टी वाकते, तिच्या पाठीवरचा लेसर सरकतो आणि त्यावरून बळ कळतं. हे शेकडो वेळा करायचं. बऱ्याचदा काहीच धरलेलं नसतं, स्क्रीनवर नुसती सपाट रेघ, आणि मग एखादी रेघ खाली खाली जाते आणि टकन वर येते, तिथे पकड सुटलेली असते. इतकी वर्षं झाली तरी तेव्हा मी श्वास रोखूनच बघते.

एका जिवाणूचं वजन साधारण 0.01 पिकोन्यूटन (बळ मोजायचं अगदी बारीक एकक, न्यूटनचा लाख-कोटीवा भाग). आणि स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस या आपल्या त्वचेवरच्या जिवाणूचं एकच प्रोटीन आपल्या रक्तातल्या फायब्रिनोजेनला (रक्त गोठायला लागणारं प्रोटीन) धरतं ते सुटायला 2000 पिकोन्यूटनच्या आसपास लागतात! म्हणजे स्वतःच्या वजनाच्या दोन लाख पट. शरीरात बसवलेल्या इम्प्लांटवर फायब्रिनोजेनचा थर बसतोच, मग हा तिथून नुसता धुऊन निघेल कसा?

पण माझा जीव खरा अडकलाय तो ई. कोलायमध्ये. लघवीच्या इन्फेक्शनमधला हा जिवाणू केसासारख्या धाग्याच्या टोकावरच्या फिमएच नावाच्या प्रोटीनने पेशीवरची मॅनोज साखर पकडतो. लघवीच्या धारेने तो वाहून जायला हवा ना? होतं उलटंच, ताण आला की त्या प्रोटीनचे दोन भाग एकमेकांपासून सुटतात आणि साखर धरणारा खळगा आवळला जातो, म्हणजे ओढलं की पकड अजून घट्ट, आणि धार थांबली की सैल, मग हा पुढे सरकायला मोकळा. याला कॅच बॉन्ड म्हणतात आणि न ओढता हे कळलंच नसतं.

आता तो खळगाच भरून टाकणारी, मॅनोजसारख्या रेणूंची औषधं शोधणं चालू आहे, जिवाणूला मारायचं नाही, फक्त चिकटू द्यायचं नाही. पण पकड घट्ट होते ती धारेतच, त्यामुळे असा कुठलाही रिझल्ट कोणी दाखवला की मी आधी हेच विचारते, टेस्ट करताना पाणी वाहतं होतं की स्थिर?