घर महागलं, बस गेली

परवा रात्री शाळेच्या कॅफेटेरियात स्कूल बोर्डाची मीटिंग होती. मुलांच्या त्या बुटक्या बाकांवर गुडघे छातीला लावून आम्ही साडेदहापर्यंत बसलो आणि शेवटी हाती काय, तर सप्टेंबरपासून धाकटीची बस बंद. न्यू जर्सीत प्राथमिकच्या पोरांना घर शाळेपासून २ मैलांपलीकडे असेल तरच बस देणं सक्तीचं आहे, आमचं १.६ वर, म्हणजे आजवर मिळत होती ती 'कर्टसी' बस, सक्ती नसताना दिलेली. पैसे कमी पडले की पहिली कुऱ्हाड तिच्यावरच.

आता गंमत बघा. शाळांना स्टेटचं अनुदान ठरतं २००८ च्या फॉर्म्युल्याने, त्यात टाऊनमधल्या घरांच्या किमती आणि लोकांचं उत्पन्न बघून 'तुम्ही स्वतः एवढे भरू शकता' असा आकडा काढतात. कोविडनंतर घरं महागली, आकडा वाढला, टाऊन कागदावर श्रीमंत झालं आणि अनुदान घटलं. त्याआधी २०१८ च्या कायद्याने काही स्कूल डिस्ट्रिक्टांचं (म्हणजे टाऊनच्या शाळा चालवणाऱ्या संस्थांचं) जुनं जादा अनुदान वर्षावर्षाने कापायला घेतलं होतंच. घर महागलं म्हणून माझ्या खिशात एक डॉलर आला नाही हो, विकेन तेव्हा येईल!

बरं, मग टाऊनने शाळेसाठीची घरपट्टी वाढवावी, तर तिथे २०१० मध्ये ख्रिस्टी गव्हर्नर असताना आलेला २ टक्क्यांचा कॅप. म्हणजे समजा शाळेसाठी ६ कोटी डॉलर कर गोळा होतो, तर पुढच्या वर्षी फार तर १२ लाख जास्त. हेल्थ इन्शुरन्सचा खर्च फारच वाढला तर थोडी सूट असते, पण स्टेटने कापलेले भरून काढायला ती नाही, त्यासाठी लोकांचं मतदान घ्यायचं. एकीकडून म्हणायचं तुम्ही श्रीमंत, तुमचं तुम्ही भरा, आणि दुसरीकडून हात बांधायचे. २०२४ मध्ये स्टेटलाच हे उमगलं असावं, कापल्या गेलेल्या डिस्ट्रिक्टांना ९.९ टक्क्यांपर्यंत वाढवायची परवानगी मिळाली. आमच्या बोर्डाला तेव्हा धीर झाला नाही.

आणि मी तरी कुठल्या तोंडाने बोलू, इथे घरपट्टीचं सरासरी बिल वर्षाला १० हजार डॉलरच्या वर गेलंय, त्यातले निम्म्याहून जास्त शाळांना जातात. शेजारचे रिटायर्ड काका-काकू दर तिमाहीला बिल आलं की घर विकायच्या गोष्टी करतात. बाबांना फोनवर आकडा सांगितला तर म्हणाले, "घरपट्टी आहे का खंडणी?" त्यांच्या घरपट्टीत शिक्षण कराची एक बारीक ओळ असते खरी, पण मास्तरांचे पगार तिच्यावर अडलेले नसतात. इथे अडतात.

त्यामुळे कॅप काढूनच टाका असं मी म्हणणार नाही. पण स्टेटने जेवढं कापलं तेवढं तरी मतदानाशिवाय वाढवू द्या ना.

घरी येऊन बघतो तर व्हॉट्सॲप ग्रुपवर कारपूलची यादी सुरू झालेली. गुरुवारची सकाळ रिकामी होती, तिथे नाव टाकलं. वाटेत निम्म्या रस्त्याला फूटपाथ नाही.